बाजारातल्या इंग्रजी क्रियापदांची शेपटं

मालवणच्या मासळी बाजारात एखादा परदेशी पाहुणा सुरमईचे पैसे द्यायच्या बेतात असतो आणि मध्येच विचारतो, ‘कुड यू थ्रो इन अ फ्यू प्रॉन्स?’ थ्रो म्हणजे फेकणे, इन म्हणजे आत, प्रॉन्स म्हणजे कोळंबी. तिन्ही शब्द विकणारीच्या ओळखीचे असतात, तरी कोळंबी कुठे फेकायची ते तिला उमगत नाही. गावातलं गिऱ्हाईक रोज जे मागतं तेच तो मागत असतो: वर थोडी कोळंबी घाल. मग तो म्हणतो, ‘कॅन यू नॉक फिफ्टी ऑफ?’ नॉक म्हणजे दार ठोठावणे, असं शाळेत शिकलेलं असतं. इथे त्याला पन्नास रुपये कमी करून हवे आहेत.

दोन्ही वाक्यांत घोळ एकाच जागी होतो. इंग्रजीत साध्या क्रियापदाला इन, ऑफ, अप, आउट, डाउन, बॅक असं एखादं छोटं शेपूट लागलं की दोघांचा मिळून वेगळाच अर्थ होतो. व्याकरणात याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की परभाषकांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ती हीच रचना. पैशाच्या बोलण्यात तर ती पावलोपावली भेटते, कारण बाजार बोलण्यावर चालतो आणि बोलीतल्या इंग्रजीचा जीव या क्रियापदांत आहे.

मराठी माणसाला ही चाल खरं तर परकी नाही. ‘पैसे दिले’ ही नुसती माहिती झाली. ‘देऊन टाकले’ म्हटलं की हिशेब मिटला, मागचं काही उरलं नाही. ‘देऊन ठेवले’ म्हणजे वेळेआधी दिले. ‘देऊन बसलो’ यात पश्चात्ताप आला. देण्याची क्रिया एकच. टाकणे, ठेवणे, बसणे यांनी तिला रंग दिला. इथे टाकणे म्हणजे फेकणे नव्हे आणि बसणे म्हणजे खुर्चीवर बसणे नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत तेच काम ही शेपटं करतात. म्हणून आमचा आग्रह असा की क्रियापदांच्या याद्या पाठ करण्याआधी शेपटांचा स्वभाव ओळखावा.

एकाच ‘पे’ची रूपं

सुरुवात ‘पे’पासून करू. नुसतं ‘पे’ म्हणजे पैसे देणे, पण कुणाला द्यायचे आणि कशाचे द्यायचे यावर रचना बदलते. माणूस आणि बिल यांच्याआधी काहीच लागत नाही: ‘पे द बोटमन’, ‘पे द बिल’. वस्तूच्या आधी मात्र ‘फॉर’ हवंच: ‘पे फॉर द फिश’. आपण ‘माशाचे पैसे दिले’ म्हणतो, म्हणून ‘आय पेड द फिश’ असं तोंडात येतं. त्याचा अर्थ होतो, मी माशाला पैसे दिले. सगळं एका वाक्यात आणायचं तर क्रम असा: ‘आय पेड हर फोर हंड्रेड रुपीज फॉर द फिश.’ आधी माणूस, मग रक्कम, शेवटी ‘फॉर’ आणि वस्तू.

‘पे बॅक’ म्हणजे उसने घेतलेले परत करणे. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडून मोकळं होणे. सहा हप्त्यांपैकी चार भरले असतील तर ‘आय हॅव पेड ऑफ द लोन’ म्हणता येत नाही. सहावा भरला की म्हणावं. ‘पे इन’ म्हणजे बँकेच्या खात्यात भरणे, आणि विमा कंपनीने आंब्याच्या नुकसानीची भरपाई दिली तर ते ‘पे आउट’. ‘पे अप’ जपून वापरायचं. त्यात थकलेले पैसे आता मुकाट्याने काढा असा तगादा असतो. लॉजवरच्या पाहुण्याला बिल पुढे करताना ‘प्लीज पे अप’ म्हटलं तर त्याला ते बोचेल. तिथे ‘हाउ वुड यू लाइक टू पे?’ एवढं विचारलं की झालं.

शेपटांचा स्वभाव

‘ऑफ’ तोडून वेगळं करतं. किमतीतून पन्नास तोडले की ‘नॉक ऑफ’, कर्जाचा पाश तुटला की ‘पे ऑफ’, जुनी होडी, जाळी, इंजिन किंमत न बघता काढून टाकलं की ‘सेल ऑफ’. हे शेवटचं हुबेहूब आपलं ‘विकून टाकणे’.

‘डाउन’ खाली नेतं, पण कोण कुणाला खाली नेतं ते पाहावं. भाव आपोआप उतरला तर ‘द प्राइस केम डाउन’ किंवा ‘वेंट डाउन’. दुकानदाराने स्वतः चिठ्ठीवरची किंमत खोडून कमी केली तर ‘मार्क डाउन’. गिऱ्हाइकाने घासाघीस करून उतरवायला लावली तर ‘बीट डाउन’. एक ‘डाउन’ मात्र या रांगेत बसत नाही. ‘पुट डाउन अ डिपॉझिट’ म्हणजे इसार देणे. रोख समोर टेबलावर ठेवली असं त्यामागचं चित्र आहे.

‘अप’ दोन तोंडांचं आहे आणि गोंधळ इथेच जास्त होतो. पहिला अर्थ वर: ‘प्राइसेस गो अप’, भाव चढतात. दुसरा अर्थ पुरतं, शेवटपर्यंत: ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘स्नॅप अप’ म्हणजे चांगला माल दिसताच झडप घालून उचलणे, ‘सेटल अप’ म्हणजे हिशेब चुकता करणे. या दुसऱ्या ‘अप’मध्ये वर जाणारं काही शोधू नये. ‘रिंग अप’ म्हणजे गल्ल्यावर बिल करणे. त्याचं मूळ जुन्या रोकड यंत्रांत आहे. १८७९ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी यांनी नोकरांच्या हातून पैसे गळू नयेत म्हणून असं यंत्र काढलं. पुढे या यंत्रांची घंटा दुकानांत रोजची झाली. विक्री नोंदवली की ती वाजायची. घंटा गेली, शब्द राहिला.

‘आउट’ म्हणजे आतलं बाहेर. ‘शेल आउट’ म्हणजे नाइलाजाने पैसे काढून देणे. कवच फोडून गर काढावा तसे. ज्यांनी काजूच्या बिया फोडून गर काढले आहेत त्यांना त्यातला नाइलाज वेगळा सांगायला नको. ‘स्प्लॅश आउट’ त्याच्या उलट आहे, हौसेने सढळ हाताने उडवणे. दोन्हींत पैसे खिशातून बाहेरच जातात, पण एकात मन आखडतं आणि दुसऱ्यात मोकळं होतं. ‘आय शेल्ड आउट फॉर अ हॉलिडे’ म्हणणाऱ्याला ती सुट्टी जड गेलेली असते.

‘बॅक’ परत आणतं आणि ‘अराउंड’ चार ठिकाणी फिरवतं. ‘शॉप अराउंड’ म्हणजे चार दुकानांत भाव विचारून मग घेणे. यात कर्म नसतं; ‘शॉप अराउंड मँगोज’ चूक, ‘शॉप अराउंड फॉर मँगोज’ बरोबर. ‘इन’ भर घालतं: वर फुकट घातलं तर ‘थ्रो इन’, वर्गणी काढताना आपला वाटा टाकला तर ‘चिप इन’, जुनी दुचाकी देऊन तिची किंमत नवीच्या किमतीत वळती केली तर ‘ट्रेड इन’.

कोकणातल्या घराचं वर्ष

या क्रियापदांची साखळी लावून पाहायची तर किनाऱ्यावरच्या एखाद्या घराच्या खर्चाचं वर्ष डोळ्यांपुढे आणावं. शब्द सुटे लक्षात राहत नाहीत. वर्षाच्या फेऱ्यात बसवले की राहतात.

आंब्याच्या हंगामात चार पैसे हाती येतात. त्यातले काही बाजूला काढून ठेवणे म्हणजे ‘पुट असाइड’ किंवा ‘पुट बाय’. ठरावीक गोष्टीसाठी थोडे थोडे साठवणे म्हणजे ‘सेव्ह अप फॉर’. फरक ध्यानात घ्यावा: ‘पुट असाइड’ एका दिवसात होतं, ‘सेव्ह अप’ला महिने लागतात. मग मे महिन्यात आगोट येते. सुकट, सुके बोंबील, सोडे, मिरची, मसाला, मीठ, तांदूळ, कोकम, सगळं पावसाआधी घरात भरून ठेवायचं. आगोटीच्या या खरेदीला इंग्रजीत ‘स्टॉक अप ऑन’ इतका नेमका दुसरा शब्द नाही: ‘वुई स्टॉक अप ऑन ड्राइड फिश बिफोर द मॉन्सून.’ वस्तूच्या आधी ‘ऑन’ आलंच पाहिजे. ते गळलं की वाक्य लंगडं होतं.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्राकडून येणारा पैसा आटतो. तेव्हा खर्चाला कात्री लावणे म्हणजे ‘कट बॅक ऑन’. साठवणीत हात घालणे म्हणजे ‘डिप इंटू अवर सेव्हिंग्ज’. ‘डिप’ म्हणजे बुडवून काढणे, थोडंसं घेतलं, सगळं उपसलं नाही असा भाव त्यात आहे. आहे त्यात कसंबसं भागवणे म्हणजे ‘गेट बाय ऑन’. डबा तळाला लागला की ‘वुई आर रनिंग लो ऑन राइस’, आणि पुरता रिकामा झाला की ‘वुई हॅव रन आउट ऑफ राइस’.

इथे थोडं थांबावं लागेल. तांदूळ कर्ता असेल तर ‘द राइस हॅज रन आउट’, ‘ऑफ’ लागत नाही. माणूस कर्ता असेल तर ‘वुई हॅव रन आउट ऑफ राइस’, ‘ऑफ’ लागतंच. ‘वुई हॅव रन आउट राइस’ ही चूक दुकानांत रोज ऐकू येते. हाच नियम ‘सेल आउट’ला: ‘द मोदक्स हॅव सोल्ड आउट’, पण ‘वुई हॅव सोल्ड आउट ऑफ मोदक्स’. दोन्हींत फरक एवढाच की ‘सेल आउट’ विकून संपलं, ‘रन आउट’ कसंही संपलं. सुटे पैसे विकले जात नाहीत, म्हणून सुटे नसतील तर ‘सॉरी, आय हॅव रन आउट ऑफ चेंज’.

गणपतीला चाकरमानी येतात, फुलं-फळांचे भाव चढतात म्हणजे ‘गो अप’, नव्या कपड्यांवर हात सैल सुटतो म्हणजे ‘स्प्लॅश आउट ऑन न्यू क्लोद्ज’, भजनी मंडळासाठी सगळे वर्गणी काढतात म्हणजे ‘एव्हरीवन चिप्स इन’. किराणा उधारीवर चालतो. उधारीवर घेणे म्हणजे ‘बाय ऑन क्रेडिट’, आणि वहीत आकडा वाढत जाणे म्हणजे ‘रन अप अ बिल’. हातात पैसे आले की दुकानात जाऊन ‘सेटल अप’. एखाद्या खर्चाने पाठ मोडली तर ‘द न्यू रूफ सेट अस बॅक फॉर्टी थाउजंड’. या ‘सेट बॅक’चा सांगाडा घट्ट आहे: ज्याला फटका बसला तो ‘सेट’ आणि ‘बॅक’च्या मध्ये, रक्कम शेवटी. ‘वुई वेअर सेट बॅक’ अशी उलटापालट पैशाच्या अर्थाने चालत नाही.

उसन्याबद्दल एक खबरदारी. मराठीत उसने घेतो आणि उसने देतो, शब्द एकच. इंग्रजीत घेणाऱ्याचा ‘बॉरो’, देणाऱ्याचा ‘लेंड’. ‘कॅन यू बॉरो मी हंड्रेड रुपीज?’ हे चूक. ‘कॅन यू लेंड मी’ किंवा ‘कॅन आय बॉरो’ म्हणावं. आणि देणं लागतो त्याला ‘ओ’ हे क्रियापद आहे: ‘आय ओ यू टू हंड्रेड रुपीज.’

शेपूट कुठे बसवायचं

शेपूट कर्माच्या आधी की नंतर? कर्म नाम असेल तर दोन्ही चालतं: ‘ट्राय ऑन द शर्ट’, ‘ट्राय द शर्ट ऑन’. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘ट्राय इट ऑन’. ‘ट्राय ऑन इट’ चूक. तसंच ‘पे इट ऑफ’, ‘टेक देम बॅक’, ‘रॅप इट अप’. पण ‘पे फॉर’, ‘लुक फॉर’, ‘लुक ॲट’ यांची जोडी फुटत नाही. तिथे ‘पे फॉर इट’ असंच. मग ओळखायचं कसं?

कानाने ओळखायचं. ‘ट्राय ऑन’ म्हणताना इंग्रज माणसाचा जोर ‘ऑन’वर पडतो. ‘पे फॉर’ म्हणताना जोर ‘पे’वर पडतो आणि ‘फॉर’ पुसट होऊन ‘फ’ एवढंच ऐकू येतं. शेपटावर जोर असेल तर सर्वनाम मध्ये, नसेल तर शेवटी. शंभर टक्के अचूक नसली तरी बाजारातल्या क्रियापदांना ही खूण चांगली लागू पडते. तीन तुकड्यांची क्रियापदं, म्हणजे ‘रन आउट ऑफ’, ‘स्टॉक अप ऑन’, ‘सेव्ह अप फॉर’, ‘कट बॅक ऑन’, कधीच फोडू नयेत. वस्तू नेहमी शेवटी. आणि नाम लांबलचक असेल तर दोन तुकड्यांचं क्रियापदही एकत्र ठेवावं, नाहीतर शेपूट येईपर्यंत ऐकणाऱ्याचा धागा तुटतो.

क्रियापदाचं नाम होतं तेव्हा जोर उडी मारून पुढे येतो. ‘दे रिप्ड अस ऑफ’ म्हणजे त्यांनी आम्हाला लुबाडलं, जोर ‘ऑफ’वर. ‘इट्स अ रिप-ऑफ’ म्हणजे ही लूट आहे, जोर ‘रिप’वर. हे दोन्ही शब्द तिखट आहेत. दुबईत किंवा बोटीवर नोकरीला गेलेल्या मुलाने दुकानात जादा आकारणी झाली म्हणून तोंडावर ‘रिप-ऑफ’ म्हटलं तर भांडण होईल. ‘आय थिंक आय हॅव बीन ओव्हरचार्ज्ड’ यात तक्रार पुरी येते आणि मानही राहतो. सुटे कमी परत मिळाले असतील तर शब्द ‘शॉर्टचेंज्ड’.

भाव विचारणं आणि उतरवणं

आपण विचारतो, ‘वाटो कसो गो?’, ‘आंबे कसे दिले?’ हा ‘कसे’ इंग्रजीत ‘हाउ’ होत नाही, ‘हाउ मच’ होतो, आणि ‘दिले’ गळून पडतं: ‘हाउ मच आर द मँगोज?’ एक वस्तू असेल तर ‘हाउ मच इज धिस?’ ‘हाउ मच इट कॉस्ट्स?’ चूक, ‘हाउ मच डझ इट कॉस्ट?’ बरोबर. ‘कॉस्ट’चा भूतकाळही ‘कॉस्ट’च, ‘कॉस्टेड’ नव्हे. मासळी किंवा आंब्याला ‘रेट’ विचारणं ही भारतातली सवय आहे. बाहेर ‘रेट’ शब्द खोलीचं भाडं, व्याज, चलन यांना लागतो, वस्तूला ‘प्राइस’.

‘महाग भाव’ असं आपण म्हणत नाही. वस्तू महाग, भाव जास्त. इंग्रजीतही अगदी तसंच: ‘द मँगोज आर एक्स्पेन्सिव्ह’, पण ‘द प्राइस इज हाय’. ‘चीप’ शब्दाला हलक्या मालाचा वास आहे, म्हणून विकणाऱ्याने आपल्याच काजूला ‘चीप’ म्हणू नये. ‘रीझनेबल’ किंवा ‘गुड व्हॅल्यू’ म्हणावं.

मापांत बारकावे आहेत. हापूस डझनावर विकतो हे पाहुण्याला सांगायचं तर ‘दे आर सोल्ड बाय द डझन’. वजनावर विकत असलो तर ‘बाय वेट’, इथे ‘द’ नाही. भाव सांगताना ‘एट हंड्रेड रुपीज अ डझन’, मध्ये नुसतं ‘अ’ पुरतं. आकड्यानंतर ‘डझन’, ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’ यांचं अनेकवचन होत नाही: पाच डझनी पेटी म्हणजे ‘अ बॉक्स ऑफ फाइव्ह डझन’. अर्धा किलो म्हणजे ‘हाफ अ किलो’. दीड, अडीच यांना इंग्रजीत एकच शब्द नाही: ‘वन अँड अ हाफ किलोज’, ‘टू अँड अ हाफ किलोज’. दीडला आपण एकवचन लावतो, इंग्रजी अनेकवचन लावतं.

आणि पंधरा-पन्नासचा सापळा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ बाजाराच्या गलक्यात सारखेच ऐकू येतात आणि फरक तर पस्तीस रुपयांचा. ‘फिफ्टी’चा जोर पहिल्या अक्षरावर, ‘फिफ्टीन’चा शेवटच्या ‘टीन’वर, तोही लांबवून. तरी शंका असेल तर अंक सुटे सांगावेत: ‘फिफ्टीन, वन फाइव्ह.’ तेरा-तीसपासून एकोणीस-नव्वदपर्यंत हीच काळजी घ्यावी.

घासाघीस म्हणजे ‘बार्गेन’ किंवा ‘हॅगल’. वस्तूच्या आधी ‘ओव्हर’ येतं: ‘हॅगल ओव्हर द प्राइस’. नाम म्हणून ‘अ बार्गेन’ म्हणजे स्वस्तात पदरात पडलेली चांगली वस्तू. गिऱ्हाईक विचारील, ‘इज दॅट युअर बेस्ट प्राइस?’, ‘कुड यू कम डाउन अ बिट?’ सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानात एवढ्यावरून पाहुणा उर्मटपणे भाव पाडतोय असं वाटायला नको. ‘कुड’ वापरणारा अजिजीनेच बोलत असतो. उतरायचं नसेल तर ‘आय कान्ट गो एनी लोअर’ असं ठाम पण गोड उत्तर देता येतं. भाव न उतरवता गिऱ्हाईक राखायचं असेल तर सुरुवातीचंच क्रियापद आपल्या बाजूने वळवावं: ‘आय कान्ट कम डाउन, बट आय विल थ्रो इन अ पॅकेट ऑफ कोकम.’

आत येऊन नुसता बघत फिरणारा ‘आय अ‍ॅम जस्ट लुकिंग’ म्हणतो तेव्हा त्याला एकटं सोडावं. त्याच्या मागे मागे फिरत ‘टेल मी, व्हॉट यू वॉन्ट?’ म्हणणं आपल्या मनात आदराने असतं, त्याच्या कानाला हुकूम वाटतो. ‘आर यू लुकिंग फॉर एनीथिंग इन पर्टिक्युलर?’ एवढंच विचारावं. कपडे असतील तर तीन वेगळे शब्द हाताशी ठेवावेत: माप बसलं तर ‘फिट’, अंगाला शोभलं तर ‘सूट’, दुसऱ्या कपड्याशी जुळलं तर ‘गो विथ’.

पाटीवर काय लिहायचं

विकायला आहे म्हणजे ‘फॉर सेल’. ‘ऑन सेल’ लिहिलं तर अमेरिकन पाहुण्याला वाटतं भाव उतरवलाय, ब्रिटिश पाहुण्याला वाटतं नुसतं विकायला ठेवलंय. म्हणून कोकम आगळाच्या पाटीवर ‘फॉर सेल’च बरं. ‘सेल’ हा विक्रीचा शब्द आणि ‘सेल’ हे विकण्याचं क्रियापद देवनागरीत सारखे दिसतात, पण विक्रीच्या शब्दात स्वर लांबून ‘सेइल’ होतो आणि क्रियापदात तो तोकडा राहतो. ‘वुई सेइल मँगोज’ ऐकलं की इंग्रज माणसाला शिडाची होडी आठवते.

भाड्याचे शब्दही नीट वाटून घ्यावेत. जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतच्या होडीचं भाडं ‘फेअर’. कुठे प्रवेशासाठी घेतात ते ‘एंट्री फी’. कॅमेऱ्यासारख्या जादा गोष्टीचे ‘चार्ज’. तारकर्लीला दिवसभरासाठी दुचाकी घेतली तर ब्रिटिश ‘हायर’ म्हणेल, अमेरिकन ‘रेंट’. पुलावर ‘टोल’. या सगळ्याला सरसकट ‘प्राइस’ म्हणू नये.

बिल, पैसे, सुटे

बेरीज सांगताना ‘टोटल इज’पेक्षा ‘दॅट कम्स टू सेव्हन हंड्रेड अँड फॉर्टी’ सहज वाटतं. चौघांत वाटून किती ते ‘दॅट वर्क्स आउट अ‍ॅट वन एटी-फाइव्ह ईच’. चाळीस सोडून द्यायचे असतील तर ‘लेट्स राउंड इट डाउन टू सेव्हन हंड्रेड’. रोख म्हणजे ‘इन कॅश’, कार्ड म्हणजे ‘बाय कार्ड’. ‘बाय कॅश’ ऐकू येतं खरं, पण ‘इन’च पक्कं.

यूपीआय २०१६ मध्ये आलं, आता शहाळ्याच्या गाडीवरही असतं, आणि समुद्रकिनारी रेंज नसली की अडकतं. त्या वेळची वाक्यं आधीच तोंडात बसवून ठेवावीत. व्यवहार पार पडला तर ‘द पेमेंट हॅज गॉन थ्रू’. पाहुण्याच्या खात्यातून गेले पण आपल्याला आले नाहीत तर ‘इट हॅजन्ट कम थ्रू यट’. इथे ‘गो’ आणि ‘कम’ची अदलाबदल करू नये: देणाऱ्याच्या बाजूने ‘गो थ्रू’, घेणाऱ्याच्या बाजूने ‘कम थ्रू’. ‘पेमेंट नॉट कमिंग’ म्हटलं की पैसे कधीच येणार नाहीत असा समज होऊन समोरचा दुसऱ्यांदा पाठवतो, मग परत देण्याचा व्याप.

परत देण्यालाही शब्द वेगवेगळे आहेत. गिऱ्हाईक सदोष वस्तू दुकानात आणतं ते ‘टेक बॅक’ किंवा ‘ब्रिंग बॅक’, कुरिअरने पाठवतं ते ‘सेंड बॅक’. दुकानदार ती स्वीकारतो तेही ‘टेक बॅक’. पैसे मिळाले तर ‘रिफंड’, बदली वस्तू मिळाली तर ‘एक्स्चेंज’, पुढच्या खरेदीत वळते करायची चिठ्ठी मिळाली तर ‘क्रेडिट नोट’. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही नेमकं हेच ‘टेक बॅक’ क्रियापद आहे: बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीही तशीच. त्यामुळे पावती मागून घ्यावी, आणि मागताना ‘रिसीट’ म्हणावं; लिहिताना त्यात ‘प’ येतो, बोलताना येत नाही.